घरोघरी घडलेल्या खेळांचे दप्तर

अकोले तालुक्याच्या डोंगराळ अंगाला वसलेल्या कोंभाळणे या गावी राहीबाई सोमा पोपेरे यांनी गावठी वाणांची जी बियाणे बँक उभी केली, तिची ख्याती २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाल्यानंतर सर्वदूर पोहोचली. तथापि त्या कार्याचा जो गाभा आहे, तो कौतुकाच्या भरात नजरेआड होऊ नये असे मला फार वाटते. काळभाताचे, वालाचे, घेवड्याचे दाणे निवडून, वाळवून, राखेत मिसळून मडक्यात भरून ठेवले म्हणजे ते वाण टिकले, असे होत नाही. दाण्यातील जीव कालांतराने क्षीण होत जातो. म्हणून तो विझण्यापूर्वी मुदतीत पेरावा लागतो, त्यापासून नवा दाणा धरावा लागतो, आणि कोणते वाण कोणत्या उतारावर, कोणत्या नक्षत्राच्या पावसावर पेरावयाचे हे जाणणारे माणूसही दाण्याच्या बरोबरीने टिकवावे लागते. बीज, त्याला मानवणारी भूमी आणि दोहोंचा स्वभाव ओळखणारा जाणकार या तिहींचा योग जोवर अखंड आहे, तोवरच ते वाण हयात आहे असे म्हणता येते.

प्रस्तुत लेखाचा विषय वरकरणी शेतीपासून फार दूरचा आहे. दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या जुन्या खेळयंत्रांवर, म्हणजे ज्यांना आपण सरसकट व्हिडिओ गेम म्हणत आलो त्यांवर, सामान्य लोकांनी, बहुधा शाळकरी मुलांनी, स्वतःच्या बुद्धीने जे खेळ, जी चित्रे, ज्या कथा आणि जे सूर रचले, त्यांच्या जतनाचा हा प्रश्न आहे. कंपन्यांनी विकलेल्या प्रसिद्ध खेळांचे काय होणार याची चिंता करणारे लोक जगात आता पुष्कळ आहेत. घरात बसून एखाद्या मुलाने रचलेल्या, चार मित्रांपलीकडे कोणी न पाहिलेल्या खेळाची चिंता वाहणारे मात्र थोडे. आणि जे थोडे आहेत त्यांना, कोंभाळण्याचे नावही न ऐकता, कोंभाळण्याच्याच सूत्रापाशी यावे लागले आहे.

या परंपरेचा आरंभ जपानात झाला. निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३ मध्ये फॅमिली कॉम्प्युटर हे खेळयंत्र विक्रीस आणले आणि पुढच्याच वर्षी, १९८४ च्या जूनमध्ये, हडसन सॉफ्ट व शार्प या कंपन्यांच्या सहकार्याने त्याला जोडावयाचा कळफलक आणि बेसिक या संगणक-भाषेची कॅसेट असा संच काढला. त्याचे नाव फॅमिली बेसिक. त्यात मारिओचे व इतर पात्रांचे तयार ठसे दिलेले होते, आणि ते हलवून, त्यांना नियम लावून मुलाने आपला खेळ आपणच लिहावा अशी योजना होती. लिहिण्यास मिळणारी जागा सुमारे दोन किलोबाइटांची. आजच्या प्रचलित युनिकोड मांडणीत तेवढ्या जागेत मराठीची सातशे अक्षरेही मावणार नाहीत. या लेखाचा पहिला परिच्छेदसुद्धा त्यात बसला नसता. एवढ्या संकोचात मुलांनी शर्यती रचल्या, चोर-शिपाई रचले, गाण्यांच्या चाली बसवल्या. लिहिलेले ठेवावयाचे तर ध्वनिफितीच्या यंत्रावर, गाणी साठवत त्याच प्रकारच्या फितीवर, ते कर्कश आवाजाच्या रूपाने उतरवावे लागे.

पुढील पंधरा वर्षांत या बीजाचा मोठा विस्तार झाला. एक्साइटबाइक या मोटारसायकलच्या खेळात स्वतःचा मार्ग आखण्याची सोय होती. मात्र तो मार्ग जतन करण्यासाठी लागणारे फितीचे यंत्र जपानबाहेर विक्रीस आलेच नाही, त्यामुळे पाश्चात्त्य देशांतील मुलांनी आखलेले मार्ग यंत्र बंद होताच लोपत गेले. ॲथेना या कंपनीने १९९१ साली देझाएमोन नावाची कॅसेट काढून विमानयुद्धाचा संपूर्ण खेळ, त्यातील चित्रांसह आणि संगीतासह, घडविण्याची साधने मुलांच्या हाती दिली. १९९२ साली चित्रे आणि सूर रचण्याचे मारिओ पेंट आले. आस्की या प्रकाशनसंस्थेने आरपीजी त्सुकुरू ही कथाखेळ रचण्याची मालिका सुपर फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या पुढच्या यंत्रावर १९९५ मध्ये आणि सोनीच्या प्लेस्टेशनवर १९९७ मध्ये आणली. तिचा प्लेस्टेशनवरील अवतार २००० साली आरपीजी मेकर या नावाने अमेरिकेत पोहोचला. प्रत्यक्ष सोनी कंपनीने १९९७ च्या सुमारास नेट यारोझ हे काळ्या रंगाचे प्लेस्टेशन हौशी रचनाकारांसाठी विकले, आणि त्यावर घडलेले निवडक खेळ इंग्लंडमधील मासिकाबरोबर मिळणाऱ्या तबकड्यांतून घरोघर गेले. मासिकाच्या तबकडीवर जे चढले ते बहुतांशी वाचले, आणि जे घरी राहिले ते रचणाऱ्याच्या दैवावर राहिले.

आपल्याकडील वृत्तान्त वेगळा आहे. फॅमिली कॉम्प्युटरच्या नकला, ज्या तैवान आणि चीनमध्ये बनत, त्या १९९० च्या दशकात भारतातील लहान-मोठ्या बाजारपेठांत पसरल्या. त्यांत कळफलक जोडलेले नमुनेही होते. त्यावर ‘कॉम्प्युटर’ असे छापलेले असे, आणि ज्या मध्यमवर्गीय बापाला खऱ्या संगणकाची किंमत झेपत नसे, तो मुलाच्या अभ्यासाला उपयोगी पडेल या आशेने हे यंत्र घरी आणी. मारिओ आणि काँट्राच्या शेजारी त्याच कॅसेटमध्ये टंकलेखनाचे धडे असत आणि एका कोपऱ्यात, त्या जपानी बेसिकवरून बेतलेली, बेसिक भाषाही असे. ज्या मुलाला त्या कोपऱ्याचा शोध लागला, त्याच्यापुढे एक निराळेच जग उघडले. कारण तोवर पडद्यावर दिसणारी प्रत्येक हालचाल दुसऱ्या कोणी ठरवलेली होती, आणि आता ओळीला क्रमांक देऊन लिहिलेली आज्ञा पडद्यावरचा ठिपका आपल्या इच्छेने हलवीत होती.

परंतु या यंत्रांपैकी बहुतेकांना लिहिलेले साठविण्याची काहीही तजवीज नव्हती. फीत नाही, बॅटरी नाही. वीज आहे तोवर स्मृती आहे. आणि अकोल्यासारख्या तालुक्यात, जेथे उन्हाळ्यात आणि पुढे भारनियमनाच्या वर्षांत वीज दिवसाकाठी कित्येक तास जाई, आणि जेथे सह्याद्रीच्या माथ्यावरून भंडारदरा-घाटघरच्या बाजूने पाऊस उतरू लागला की तारा तुटणे हा नित्याचा प्रकार असे, तेथे त्या स्मृतीचे आयुर्मान किती असणार हे सांगावयास नको. या परिस्थितीत ज्याला आपली रचना टिकवावयाची असेल, त्याच्यापुढे एकच मार्ग उरे, आणि तो वहीचा. प्रोग्राम वहीत ओळीने उतरवावयाचा, आणि पुन्हा खेळावेसे वाटले की आरंभापासून पुन्हा टाइप करावयाचा. म्हणून आपल्या मुलुखात या विषयाचा अस्सल दस्तऐवज कोठे सापडण्याचा संभव असेल, तर तो गणिताच्या किंवा विज्ञानाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांत, शाईने, खाडाखोडीसह सापडेल.

आता या रचना नष्ट कशा होतात ते नीट पाहिले पाहिजे, कारण रोगाचे निदान झाल्यावाचून उपचाराची दिशा ठरत नाही. सुपर फॅमिकॉमच्या कॅसेटमध्ये साठवण ज्या चिपेत होते, ती वीज नसली की रिकामी होते. ती जिवंत ठेवण्यासाठी कॅसेटच्या आत बटणासारखी एक छोटी बॅटरी डाखलेली असते. ती पंधरा-वीस वर्षे, क्वचित त्याहून अधिक चालते आणि मग, कोणतीही पूर्वसूचना न देता, तिचा दाब उतरतो. अधिक शोचनीय गोष्ट अशी की, हे न जाणणारा एखादा सद्हेतूने कॅसेट उघडून नवी बॅटरी बसवितो, आणि जुनी बॅटरी काढल्याच्या क्षणीच जे वाचवावयाचे ते गेलेले असते. सेगा सॅटर्न या यंत्राच्या अंगभूत स्मृतीचीही हीच अवस्था आहे. तिची जागा अवघी ३२ किलोबाइट आणि आधार तसल्याच एका बॅटरीचा. प्लेस्टेशनच्या मेमरी कार्डाला बॅटरी लागत नाही. परंतु त्याची जागा १२८ किलोबाइटांची, पंधरा कप्प्यांत वाटलेली, आणि नव्या खेळाच्या नोंदीसाठी जुना कप्पा पुसण्याचा मोह प्रत्येक घरात झालेला. चुंबकीय फितीला बुरशी लागते, ती ताणली जाते, आणि आमच्या बाजूच्या पावसाळी दमटपणात तर हे सर्व अधिकच वेगाने घडते.

याहून सूक्ष्म असा एक अपाय आहे, आणि जतनाच्या प्रश्नाचे मर्म त्यातच आहे. आरपीजी मेकरवर रचलेल्या एखाद्या दीर्घ कथेची नोंद इतक्या थोड्या जागेत कशी मावते, असा प्रश्न विचारला, तर उत्तर असे मिळते की त्या नोंदीत बहुतेक चित्रे आणि संगीत नसतेच. अमुक जागी मूळ तबकडीवरचे तमुक क्रमांकाचे चित्र ठेवावे, तमुक चाल वाजवावी, येथे हे संवाद दाखवावेत, एवढीच ती आज्ञांची यादी असते. रचणाऱ्याने स्वतः काढलेली चित्रेही वेगळ्या नोंदीत जातात. तात्पर्य, कार्डावरील कप्पा जसाच्या तसा उतरवून घेतला आणि मूळ तबकडी मात्र हरवली, तर हाती येते ते संदर्भ तुटलेल्या क्रमांकांचे भेंडोळे. दाणा आहे आणि जमीन नाही, अशी ती स्थिती होय. यास्तव जतन करणाऱ्याला रचना, रचनेचे साधन आणि ते साधन चालविणारे यंत्र, वा त्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा इम्युलेटर, ही तिन्ही एकत्र ठेवावी लागतात. आणि चौथी गोष्ट म्हणून तो खेळ कसा खेळावयाचा हे सांगणारी माहिती, शक्य तर रचणाऱ्याच्याच तोंडून.

हे कार्य जगात कोण करते आहे? संस्थात्मक पातळीवर जपानातील रित्सुमेइकान विद्यापीठाने १९९८ सालीच खेळांच्या संग्रहाचा प्रकल्प हाती घेतला. तोक्योमध्ये गेम प्रिझर्व्हेशन सोसायटी २०११ पासून जुन्या फिती आणि तबकड्या उतरवून घेते. अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन २०१७ मध्ये स्थापन झाले आणि त्याने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, त्या देशात प्रकाशित झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात कायदेशीर मार्गाने मिळतच नव्हते. प्रकाशित, विकल्या गेलेल्या खेळांची जर ही गत, तर अप्रकाशित रचनांची काय असेल याचे अनुमान करणे कठीण नाही. त्यांची सेवा प्रामुख्याने हौशी व्यक्ती करीत आल्या आहेत. हे लोक जुन्या बाजारातून वापरलेली कॅसेट किंवा मेमरी कार्ड विकत घेतात, खेळण्यापूर्वी एका साध्या जोडयंत्राने त्यातील नोंद जशीच्या तशी संगणकावर उतरवितात, आणि मग कोण्या अनोळखी मुलाने वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अर्धवट सोडलेली कथा उघडून पाहतात.

साठवण यंत्रातून उठून कंपनीच्या सर्व्हरवर गेली तेव्हा धोक्याचे रूप पालटले. २००८ साली प्लेस्टेशन ३ वर आलेल्या लिटलबिगप्लॅनेट या खेळात लोकांनी रचलेल्या पातळ्यांची संख्या पुढे लाखांच्या मोजमापात राहिली नाही. त्या यंत्रासाठीचे सर्व्हर २०२१ मध्ये आणि प्लेस्टेशन ४ साठीचे २०२४ मध्ये कायमचे बंद झाले. चाहत्यांनी त्या पातळ्यांच्या प्रती गोळा केल्या, इतकेच करून न थांबता पर्यायी सर्व्हर उभारले, जेणेकरून त्या पुन्हा खेळता याव्यात. सुपर मारिओ मेकर हा खेळ सप्टेंबर २०१५ मध्ये आला, त्यात नव्या रचना स्वीकारणे ३१ मार्च २०२१ रोजी थांबले आणि ८ एप्रिल २०२४ रोजी त्याची जालसेवा बरखास्त झाली. या शेवटच्या मुदतीपूर्वी एका चमूने जो संकल्प केला तो मला विलक्षण उदात्त वाटतो. आजवर ज्या रचना एकाही परक्या माणसाने पूर्ण केलेल्या नाहीत, त्या शोधून त्यांपैकी प्रत्येक एकदा तरी पार करावयाची, असा तो संकल्प होता, आणि मुदत संपण्यास काही दिवस उरले असताना तो सिद्धीस गेला. नक्कल करून ठेवणे हे जतनाचे एक अंग. रचणाऱ्याच्या कल्पनेला अखेरीस कोणी तरी खेळाडू मिळवून देणे हे दुसरे, आणि पेरणीच्या अधिक जवळचे.

येथे एक आक्षेप येतो आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. या रचनांपैकी बहुतेक सामान्य, अपूर्ण, अनुकरणात्मक असतात. त्यांवर एवढे कष्ट कशासाठी, असे विचारले जाते. हाच आक्षेप आपल्याकडे दोनदा घेतला जाण्यासारखा होता आणि दोनदा त्याला कृतीने उत्तर मिळाले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे वाड्यांतील, देवळांतील, माळ्यांवरील कागदांसाठी गावोगाव हिंडले, तेव्हा त्या रुमालांत राजकारणाच्या थोर पत्रांबरोबर हिशेबाची टिपणे, वतनाचे तंटे आणि किरकोळ चिठ्ठ्याही होत्या. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, पुढे आणखी अनेक खंड झाले, आणि समाजाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला त्या किरकोळ कागदांचे मोल थोर पत्रांइतकेच ठरले. दुसरे उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून लाखाहून अधिक ओव्या टिपल्या; बर्नार्ड बेल यांच्या सहकार्याने त्यांचे ध्वनिमुद्रण झाले, आणि २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने त्या जगापुढे ठेवण्यास आरंभ केला. त्यातील एकेक ओवी वेगळी काढून काव्यगुणांच्या तराजूत तोलली असती, तर कदाचित निम्म्या गळाल्या असत्या. परंतु एकत्र पाहता त्या बाईच्या मनाचा असा इतिहास देतात, जो दुसऱ्या कोणत्याही दप्तरात नाही.

ओव्यांच्या या कार्यातील एका गोष्टीचे अनुकरण आपण अवश्य केले पाहिजे. तेथे ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव, तिचे गाव आणि तिची परिस्थिती नोंदली गेली. जगभरच्या खेळसंग्रहांत नेमकी हीच उणीव वारंवार राहते: बाजारात विकत घेतलेल्या कार्डातून खेळ निघतो, पण तो कोणी, किती वयाचा असताना, कोणत्या गावी रचला हे कळत नाही, आणि तो बेवारस ठरतो. हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीत गणला जातो; अर्थात शाळकरी मुलाने वहीत लिहिलेल्या वीस ओळींवर त्याचा हक्क आहे, आणि तो त्याच्या हयातीनंतर साठ वर्षे टिकतो. त्याच कायद्याचे कलम ५२ कायदेशीर ताबा असलेल्याला आपल्या प्रोग्रामची प्रत, नाशापासून तात्पुरते संरक्षण म्हणून, काढून ठेवण्याची मुभा देते. म्हणून स्वतःची प्रत स्वतः काढण्यास अडसर नाही. ती जगापुढे ठेवावयाची तर रचणाऱ्याची संमती हवी, आणि नाव ठाऊक नसेल तर संमती मागावी कोणाकडे? नावाची नोंद हा म्हणूनच या दप्तराचा पहिला रकाना असला पाहिजे. रचणारा तेव्हा बालवयाचा होता, त्याने ते कदाचित एकट्यासाठीच लिहिले होते. ते उघड करावे की न करावे हा निर्णय आज त्याचाच आहे.

आणि तो निर्णय विचारण्याची वेळ हीच आहे. १९९८ साली बारा वर्षांचा असलेला मुलगा आज चाळिशीच्या आसपास आहे. त्याचे आईवडील बहुधा अजून त्याच घरात राहतात, माळ्यावरची खोकी अजून तेथेच आहेत, आणि त्या यंत्रावर काय लिहिले होते हे त्याला अजून आठवते. आणखी वीस वर्षांनी घराची पुनर्बांधणी झालेली असेल, खोकी भंगारात गेलेली असतील, आणि वही सापडली तरी तीत काय आहे हे सांगणारा सापडणार नाही. दिवाळीच्या निमित्ताने घरे झाडली जातात, माळे रिकामे होतात; या दिवसांत पुढील गोष्टी कराव्यात अशी माझी वाचकांना कळकळीची विनंती आहे.

जुनी कॅसेट सापडली तर तिची बॅटरी काढू नये. आधी आतील नोंद उतरवून घेणारा जाणकार गाठावा. मेमरी कार्ड सापडले तर त्यावर नवा खेळ साठवू नये आणि ज्या तबकडीवर ते चालत असे ती तबकडी त्याच्याबरोबरच एका पाकिटात ठेवावी. फीत सापडली तर ती सावकाश, स्वच्छ यंत्रावर एकदाच वाजवून तिचा आवाज जसाच्या तसा, तो कितीही कर्कश असला तरी, मुद्रित करावा. कारण खेळ त्या आवाजातच आहे. वही सापडली तर प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे, खोडलेल्या ओळींसह, कारण रचणाऱ्याचा विचार कोठे अडला आणि कोठे सुटला हे त्या खाडाखोडीवरूनच कळते. आणि या प्रत्येकाबरोबर एका कागदावर रचणाऱ्याचे नाव, गाव, साल, यंत्राचे वर्णन आणि त्याला आठवेल तेवढा वृत्तान्त लिहून ठेवावा. नोंदीच्या किमान दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत असाव्यात, आणि दर काही वर्षांनी त्या नव्या माध्यमावर उतरवाव्यात.

हे कार्य एकेकट्या घरांवर सोडून भागणार नाही, म्हणून तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाने, किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या संगणक विभागाने, अशा रचनांची एक नोंदवही उघडावी, असे मला सुचवावेसे वाटते. त्याला मोठ्या निधीची गरज नाही. एक संगणक, एक जोडयंत्र आणि चिकाटीचे दोन विद्यार्थी एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. त्या विद्यार्थ्यांनी वहीतील प्रोग्राम पुन्हा टाइप करावेत, इम्युलेटरवर चालवावेत, रचणाऱ्याला बोलावून त्याच्यासमोर ते खेळावेत, आणि जमले तर त्यांत आपली चार ओळींची भर घालावी. जुन्या रचनेतून असा नवा खेळ उगवला, तरच ती रचना जिवंत राहिली असे होईल. आणि बियाण्याबाबत एका अशिक्षित शेतकरी बाईने याच तालुक्यात जे सिद्ध करून दाखविले, ते शिकलेल्या मंडळींना आपल्या मुलांच्या बुद्धिवैभवाबाबत करून दाखविणे अशक्य का असावे?